चासी नंबर बघितल्याशिवाय मोठे पैसे सोडू नका: मालगुंडच्या ताईंना ई-स्कूटरबद्दल उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर मालगुंडला, नोकरी रत्नागिरीत शाळेत, रोज आरे-वारे मार्गे ये-जा, म्हणजे दिवसाला पन्नास-पंचावन्न किलोमीटर. बजेट लाखाच्या आसपास. फेसबुकवर एका नामांकित कंपनीची इलेक्ट्रिक स्कूटर ५४,९९९ ला दिसली, सबसिडी वजा करून, ९९९ भरून बुकिंग, डिलिव्हरी घरपोच. व्हॉट्सॲपवर कोटेशनची पीडीएफ आली, आधारचा फोटो मागितला तो पाठवून झालाय, पैसे मात्र अजून भरलेले नाहीत. ही घेऊ का, आणि नको असेल तर ऑनलाईन स्वस्तात पण फसगत न होता कशी घ्यायची?

ताई, ही घेऊ नका. ९९९ सुद्धा भरू नका.

तुमची पीडीएफ मी मोठी करून नीट बघितली. वर लोगो एकदम व्यवस्थित, रंगसुद्धा कंपनीचाच. खाली पत्ता बंगळुरूचा आणि जीएसटी नंबर सुरू होतोय ०७ ने. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे राज्याचा कोड, आपला महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०, कर्नाटकचा २९, आणि ०७ दिल्लीचा. पत्ता एका राज्याचा नि नंबर दुसऱ्याच राज्याचा, इथेच पाणी मुरतंय. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर सर्च टॅक्सपेयर म्हणून आहे तिथे नंबर टाकला की धंद्याचं नाव, पत्ता, नोंदणी चालू आहे की रद्द झालीय हे सगळं लॉगिन न करता दिसतं, ते आधी बघायचं.

दुसरी गंमत म्हणजे त्यात लिहिलंय "फेम-२ सबसिडी २२,०००". फेम-२ ही केंद्राची ई-गाड्यांवरच्या सबसिडीची योजना ३१ मार्च २०२४ लाच संपली. त्यानंतर आधी एक सहा महिन्यांची मधली योजना आली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह, तिच्यात पहिल्या वर्षी बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला (म्हणजे एक युनिट वीज मावेल एवढ्या क्षमतेला) ५,००० आणि गाडीमागे जास्तीत जास्त १०,००० मिळायचे, २०२५-२६ साठी ते २,५०० आणि जास्तीत जास्त ५,००० वर आणले, दुचाकीसाठी तेव्हा मुदत ३१ मार्च २०२६ ठेवली होती. म्हणजे बावीस हजार सबसिडी कुणी कागदावर दाखवली की तो कागदच खोटा, पुढे वाचायची गरज नाही. शिवाय केंद्राची सबसिडी ही कंपनी आधीच किमतीतून कमी करते आणि मग सरकारकडून वसूल करते, गिऱ्हाइकाने "सबसिडी प्रोसेसिंग फी" म्हणून एक पैसा भरायचा नसतो. राज्याच्या २०२५ च्या ईव्ही म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या धोरणातही दुचाकीला किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त १०,००० अशी सवलत जाहीर झालेली आहे, पण ती तुमच्या बिलात प्रत्यक्ष किती उतरतेय ते डीलरकडून लेखी घ्या, तोंडी "मिळेल हो" वर जाऊ नका.

तिसरं, पैसे भरायचं खातं कुठल्यातरी माणसाच्या नावाचं. कंपनी गाडी विकते तेव्हा पैसे कंपनीच्या किंवा डीलरच्या फर्मच्या नावावर जातात, यूपीआयवर पाठवायच्या आधी समोर जे नाव दिसतं ना, ते आणि कोटेशनवरचं नाव एकच पाहिजे, एवढं एक जरी पाळलंत तरी निम्मी फसवणूक तिथेच अडते.

हे प्रकार कसे चालतात त्याचं एक उदाहरण पेपरात गाजलेलं आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्ली पोलिसांनी बंगळुरू, गुरुग्राम आणि पाटणा इथून २० जणांना पकडलं, ओलाच्या नावाने खोटी वेबसाईट काढून हजाराहून जास्त लोकांना गंडवलं होतं. सुरुवात ४९९ पासून, कारण ओलाने खरोखरच २०२१ मध्ये ४९९ ला बुकिंग घेतलं होतं, त्यामुळे लोकांना ते खरंच वाटायचं. एकदा ते भरले की मग इन्शुरन्सचे, वाहतुकीचे असं करत हप्त्याहप्त्याने मोठी रक्कम. लक्षात घ्या, त्यांना तुमचे ९९९ नकोच असतात. ९९९ भरणारा माणूस गळाला लागला एवढंच त्यांना कळतं, आणि आपणही "एवढे गेलेत तर आता थोड्यासाठी कशाला सोडा" म्हणून पुढचे भरत जातो.

आधारचं काय ते आधी उरका. आधारच्या ॲपमधून किंवा वेबसाईटवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवा, पुढच्या दोन-तीन महिन्यांत एकदा सिबिल रिपोर्ट बघा की तुमच्या नावावर कुणी कर्ज उचललंय का, तो व्हॉट्सॲपवाला नंबर ब्लॉक करा आणि इथून पुढे कुणालाही द्यायचं झालं तर मास्क्ड आधार द्या ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. अशा लोकांना ओटीपी तर अजिबात नाही, मग तो सांगो की "मॅडम सबसिडीचा ओटीपी आहे". आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाचे पैसे ऑलरेडी गेले असतील तर लाज वाटून गप्प बसू नका, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला लगेच फोन लावा, ट्रान्झॅक्शनचा नंबर हाताशी ठेवा, मग सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. पहिल्या तास-दोन तासात कळवलं तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी थांबवता येण्याची शक्यता बरीच असते, दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेत जाऊन विचारू म्हणालात तर कठीण.

आता खरी खरेदी. माझं रत्नागिरीत टू-व्हीलरचं गॅरेज आहे, पेट्रोलच्या गाड्यांवर हात बसलेला, आता बॅटरीवाल्यांचंही काम भरपूर येतं, त्यामुळे दोन्ही बाजू बघितलेल्या आहेत. माझं म्हणणं एकच: ऑनलाईन शोधा, ऑनलाईन तुलना करा, बुकिंगची किरकोळ रक्कमही ऑनलाईन भरा, पण मोठी रक्कम तेव्हाच सोडा जेव्हा तुमच्या नावाच्या बिलावर चासी नंबर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला तिचा स्वतःचा नंबर, पडलेला असेल आणि तो नंबर असलेली गाडी तुम्ही किंवा तुमच्या माणसाने डोळ्याने बघितली असेल. स्कूटर म्हणजे मोबाईल नव्हे की खोक्यात घालून कुरिअरवाला आणून देईल. ती नोंदणी होणारी गाडी आहे, आणि नंबर प्लेट लागल्याशिवाय डीलरने गाडी ताब्यात द्यायची नाही असा कायदा आहे. त्यामुळे "आज बुक करा, परवा ट्रान्सपोर्टने घरी" हे वाक्यच मुळात जमत नाही.

ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर खऱ्या कंपन्यांच्या स्कूटर मिळतात, त्यात काही वाईट नाही, क्रेडिट कार्डावर सेलमध्ये चांगली सूटही पडते. पण तिथे साधारण काय होतं तर तुम्ही एक्स-शोरूम रक्कम भरता, मग जवळच्या अधिकृत डीलरकडून फोन येतो, इन्शुरन्स आणि आरटीओचे पैसे तिकडे वेगळे द्यायचे, कागदपत्रं तिकडे, गाडीही तिथूनच घ्यायची. म्हणून ऑर्डर टाकायच्या आधी पिनकोड टाकून तो डीलर कुठला येतोय ते बघा. मालगुंडचा पिनकोड टाकल्यावर कोल्हापूरचा डीलर आला तर पाच हजारांची सूट आंबा घाटातच संपली समजा. आणि त्या डीलरला फोन करून विचारा की ऑनलाईन ऑर्डरच्या गिऱ्हाइकाकडून वेगळं काही घेता का. डीलरचा नंबर गुगलवर सर्च करून पहिला दिसेल तो घेऊ नका, कंपनीच्या स्वतःच्या वेबसाईटवर डीलर लोकेटर असतो तिथूनच घ्या. गुगलवर वरती "स्पॉन्सर्ड" म्हणून जे येतं ते पैसे भरून कुणीही वर आणू शकतो, आणि वेबसाईटला कुलपाचं चिन्ह आहे म्हणजे ती खरी असं नाही, ते कुलूप चोरालाही फुकट मिळतं. पत्ता अक्षर न अक्षर वाचायचा, कंपनीच्या नावाला "बुकिंग", "ऑफर", "डीलरशिप" असलं शेपूट लावलेलं असेल तर बाहेर पडा.

बिल हातात आलं की त्यात तुमचं नाव, चासी नंबर, मोटर नंबर, बॅटरीचा सिरीयल नंबर, चार्जरचा सिरीयल नंबर एवढं पाहिजे. फॉर्म २१ म्हणजे डीलरचं विक्री सर्टिफिकेट आणि फॉर्म २२ म्हणजे कंपनीचं, गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे असं सर्टिफिकेट. बनवल्याचा महिना-वर्ष काय आहे तेही तिथेच विचारा. हे का, तर सात-आठ महिने गोडाऊनला पडून असलेली गाडी असेल तर बॅटरी मधे मधे चार्ज केली होती का ते विचारायला पाहिजे, आणि जुना स्टॉक आहे म्हणून किंमत कमी करून मागायलाही पाहिजे. स्वस्तात घ्यायचा हा सरळ मार्ग आहे, नवीन मॉडेल आलं की जुन्याच्या उरलेल्या गाड्यांवर डीलर स्वतःहून खाली येतो.

किमतीचं बोलायचं तर जाहिरातीतला आकडा हा नेहमी सगळ्यात खालच्या मॉडेलचा एक्स-शोरूम असतो. त्यावर इन्शुरन्स, कारण नवीन दुचाकीला थर्ड पार्टी पाच वर्षांचा सक्तीचा, नंबर प्लेट, स्मार्ट कार्ड, मग ते नेव्हिगेशन वगैरेचं पॅक, मग जास्तीची वॉरंटी, मग फूट मॅट-गार्ड, असं करत लाखाची गाडी बघता बघता सव्वा लाखाकडे जाते. चार्जर किमतीत धरलाय का हे तर नक्की विचारा, मागे चार्जरचे पैसे वेगळे लावले म्हणून २०२३ मध्ये मोठमोठ्या कंपन्यांना ते गिऱ्हाइकांना परत द्यावे लागले होते. इन्शुरन्स डीलरकडूनच घ्यायची सक्ती नाही, त्याचं कोटेशन घ्या आणि ऑनलाईन तीच कव्हर टाकून दुसरं काढा, फरक दाखवला की बहुतेक डीलर जुळवून देतात. "हँडलिंग चार्ज" दिसला तर कशाचं हँडलिंग ते विचारा आणि पावतीवर लिहून मागा, बऱ्याचदा पावती म्हटली की तो चार्ज गायब होतो. ईव्हीची रजिस्ट्रेशन फी केंद्राने २०२१ मध्येच माफ केलीय, त्यामुळे त्या नावाने रक्कम लावलेली असेल तर ती खोडून घ्या. हप्त्यावर घेणार असाल तर फक्त ईएमआय बघू नका, फाईल चार्ज आणि एकूण परत किती जातात ते बघा, आणि शिक्षकांची पतपेढी असेल तर आधी तिथे विचारा.

आता गाडी किती मोठी घ्यायची. जाहिरातीत रेंज लिहितात ती आयडीसी, म्हणजे ठरावीक टेस्टमधली. रस्त्यावर त्याच्या सत्तर-पंचाहत्तर टक्के धरा. साधारण हिशोब असा की फॅमिली स्कूटर सपाटीला किलोमीटरमागे तीस ते पस्तीस वॅट-तास खाते. आता आपला आरे-वारे, एका बाजूला समुद्र नि एका बाजूला डोंगर, बघायला छान पण चढउतार संपत नाहीत. तुम्ही आणि गाडी मिळून पावणेदोनशे किलो धरलं तर १०० मीटर उंची चढायला तोटा धरून साठेक वॅट-तास जातात, म्हणजे सपाटीवरचे दोन किलोमीटर. मागे कुणी बसलं की आणखी. उतरताना रीजनने, म्हणजे मोटरच गाडी धरून बॅटरीत वीज परत भरते त्याने, थोडी परत मिळते, सगळी नाही, आणि एक गोष्ट शोरूमवाले सांगत नाहीत, बॅटरी शंभर टक्के भरलेली असताना रीजन जवळजवळ लागतच नाही, म्हणजे सकाळी घरातून फुल चार्ज करून निघून पहिल्याच उतारावर ॲक्सिलरेटर सोडला तर गाडी रोजच्यासारखी धरणार नाही, ब्रेकवर बोटं ठेवूनच उतरायचं.

तर पंचावन्न किलोमीटरला चढासकट दोन किलोवॅट-तासाच्या आसपास लागले. सव्वादोन किलोवॅट-तासाची स्वस्त मॉडेल्स येतात ती तुम्हाला पहिल्या दिवशी पुरतील, तिसऱ्या वर्षी बॅटरी थोडी उतरली आणि जूनमधला समोरून वारा असला की आरेच्या पुलावरच तुमचा जीव खालीवर. तुम्हाला तीन किंवा त्याच्या वरचीच पाहिजे. चेतक, आयक्यूब, रिझ्टा, विडा या सगळ्यात त्या मापाची मॉडेल्स आहेत, त्यातली कुठली हे मी सांगणार नाही कारण त्याचं उत्तर खाली सर्व्हिस सेंटरच्या परिच्छेदात आहे. फक्त बजेट ऑन-रोड सव्वा लाखापर्यंत ताणायची तयारी ठेवा. तेवढे पैसे निघतात का तर निघतात. महिन्याला तेराशे किलोमीटर म्हणजे पंचेचाळीसच्या ॲव्हरेजने एकोणतीस लिटर पेट्रोल, तीन हजाराच्या आसपास. तेवढ्याच किलोमीटरला घरच्या मीटरवर पन्नास-पंचावन्न युनिट, फक्त महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढे एकदम चढतो, त्यामुळे हे युनिट वरच्या स्लॅबनेच पकडा, तरी सहाशे ते आठशे.

२५ च्या आतल्या स्पीडच्या, लायसन्स-नोंदणी न लागणाऱ्या स्कूटर ऑनलाईन खूप स्वस्त दिसतात. त्या बाजारात जायला ठीक, आरे-वारेच्या चढाला २५० वॅटची मोटर नाही पुरणार. आणि "वायर काढली की ४५ ने पळते" असं विकणारा सांगत असेल तर ती गाडी कायद्याने मोटार वाहन झाली, मग नोंदणी नाही, इन्शुरन्स नाही, काही झालं तर सगळं तुमच्या अंगावर.

कंपनी कुठली घ्यायची ते सर्व्हिस सेंटरवरून ठरवा. कोकणात हाच मुद्दा पहिला. पेट्रोलची गाडी गणपतीपुळ्याच्या रस्त्याला बंद पडली तर कुणीतरी प्लग काढून पुसून चालू करून देतो, ईव्हीचा कंट्रोलर, म्हणजे मोटरला वीज सोडणारा भाग, गेला तर माझ्यासारखा माणूसही मल्टीमीटर लावून फक्त काय गेलंय तेवढं सांगू शकतो, पार्ट कंपनीकडूनच येणार आणि लॅपटॉप लावून त्यांचाच माणूस बसवणार. म्हणून रत्नागिरीत त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर आज चालू आहे का ते स्वतः जाऊन बघा. शोरूम नव्हे, मागचं वर्कशॉप. सकाळी दहाच्या सुमाराला जा, बाहेर किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत, त्यांच्या सीटवर तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते ती वाचा, आणि तिथे आलेल्या गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन विचारा की पार्ट यायला किती दिवस लागले. नेटवरच्या रिव्ह्यूपेक्षा हे खरं. बंद पडली तर टेम्पो कोण करणार, कंपनी की आपण, हेही विचारून ठेवा.

खाऱ्या हवेचं वेगळंच आहे. आयपी-६७ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, पण ती टेस्ट साध्या पाण्याची. समुद्राकाठच्या गाड्या माझ्याकडे येतात त्यात बॅटरीच्या आत काही नसतं, त्रास असतो तो कनेक्टरला. चार्जिंगचं सॉकेट उघडलं की पितळी पिनांवर हिरवी बुरशी धरल्यासारखं, त्यावर लाल मातीचा थर, मग तिथे रेझिस्टन्स वाढतो, सॉकेट गरम होतं, चार्जिंग मधेच तुटतं आणि लोक समजतात बॅटरी गेली. उपाय साधा आहे, आठवड्याला साध्या पाण्याने फडक्याने पुसा, प्रेशर वॉशरचा फवारा मारू नका, चार्जिंगचं झाकण नीट बसतंय ना ते बघा, पावसाळ्याआधी आणि नंतर कनेक्टर साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून घ्या, तेही सर्व्हिस सेंटरमधूनच म्हणजे वॉरंटीला फाटे फुटणार नाहीत. पत्र्याच्या बॉडीची गाडी घेतलीत तर ओरखडा उठला की लगेच टचअप. आणि किनाऱ्यावर वाळूत गाडी घालू नका, पाहुणे कितीही म्हणू देत. वॉरंटीच्या कागदात "पूर" आणि "गंज" हे दोन शब्द शोधून वाचा, वर्षं किती आणि किलोमीटर किती यातलं आधी जे संपेल ते लागू असतं, आणि तुम्ही वर्षाला पंधरा हजार चालवणार आहात म्हणजे ३०,००० किलोमीटरची वॉरंटी तीन वर्षं नव्हे, दोनच वर्षं. जास्तीची बॅटरी वॉरंटी तुमच्यासारख्यांनी घ्यावी, महिन्याला तीनशे किलोमीटर फिरणाऱ्याने पैसे वाचवावेत.

सेकंडहँड ऑनलाईन बघायला हरकत नाही, पैसे खरे तिथेच वाचतात, पण नियम कडक. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटर पेटण्याच्या घटना झाल्यावर बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-१५६ नावाचे नियम कडक केले, पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ आणि दुसरा ३१ मार्च २०२३ पासून, त्यामुळे एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच बघा. नंबर परिवहनच्या ॲपमध्ये टाकून बँकेचा बोजा आहे का ते बघा. चिपळूण-महाडकडची गाडी असेल तर सीटखालच्या वायरिंगच्या कोपऱ्यात बोट फिरवून वाळलेला गाळ लागतो का ते बघा, २२ जुलै २०२१ नंतर पुरात बुडालेल्या पेट्रोलच्या गाड्या पॉलिश करून कशा विकल्या गेल्या ते आपण बघितलंय, ईव्हीत तर ते महागात पडेल. सर्व्हिस सेंटरला नेऊन बॅटरी हेल्थचा रिपोर्ट काढा, विकणारा नको म्हणाला तर विषय संपला. आणि एक, जुन्या मालकाच्या मोबाईल ॲपमधून गाडी काढून तुमच्या नावावर चढवून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, नाहीतर गाडी तुमच्या पडवीत आणि लोकेशन, काही मॉडेल्समध्ये लॉकसुद्धा, त्याच्या फोनमध्ये. "मी आर्मीत आहे, बदली झाली, गाडी कॅन्टोनमेंटमधून पार्सल करतो" असं सांगणारा भेटेलच, त्याला नमस्कार करून सोडा. पैसे घ्यायला यूपीआय पिन टाकावा लागत नाही हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

गाडी खरी घेतली आणि मग डीलर किंवा कंपनी दाद देत नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, तिथे नोंदवलेल्या तक्रारीला बऱ्याच कंपन्या जाग्या होतात. पुढे ग्राहक आयोगात जायचं झालं तर २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात केस टाकता येते, बंगळुरूला जावं लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. म्हणून बिल, चॅट, जॉबकार्ड सगळं जपून ठेवा, जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, "जनरल चेकअप" असं लिहून देतात ते चालवून घेऊ नका.

राहिलं चार्जिंग, आणि हे गाडी बुक करायच्या आधी करायचं. सोळा अँपिअरचं सॉकेट, थेट बोर्डापासून वेगळी वायर, त्याला एमसीबी आणि तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायची वेळ आली की वीज तोडणारा स्विच. एक्स्टेंशन बोर्ड नको. आपल्याकडे घरं जांभ्यावर, एप्रिल-मे मध्ये जमीन कोरडीठाक होते आणि अर्थिंग नावालाच राहतं, चार्जर मग एरर दाखवतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात. अर्थिंगचा खड्डा न्हाणीच्या पाण्याजवळ किंवा माडाच्या आळ्याशी घ्या, जिथे ओल टिकते, आणि वायरमनला न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून दाखवायला सांगा, दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. वळवाच्या पावसात विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवायचा. ऑनलाईन स्वस्त मिळतो म्हणून दुसऱ्या कंपनीचा चार्जर कधीच नको, व्होल्टेज जुळलं तरी बॅटरीशी बोलणं जुळत नाही. बॅटरी काढून घरात नेता येणारं मॉडेल फ्लॅटवाल्यांना चांगलं, तुम्हाला पडवी आहे तर त्याची गरज नाही. लाईट गेली तर म्हणाल, तर संध्याकाळी घरी आल्यावर लाईट असेल तेव्हाच चार्जिंगला लावत जा, कारण तीनच्या बॅटरीतून रोजचे दोन गेले की उरलेल्यात दुसऱ्या दिवशीची ये-जा होत नाही. निसर्ग वादळासारखं, जून २०२० ला दापोली-श्रीवर्धनकडे आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती, तसं काही झालं तर मात्र जुनी पेट्रोलची गाडीच कामाला येईल, ती लगेच विकू नका, एक पावसाळा जाऊ दे.

वायरमनचं काम गणपतीच्या आधी उरकून घ्या, चाकरमानी यायला लागले की महिनाभर कुणी हाताला लागत नाही. आणि शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारून ठेवा की तिथे एखादा सोळा अँपिअरचा पॉइंट वापरू देतील का, युनिटचे पैसे महिन्याला देऊन टाका. तो मिळाला तर सव्वादोनच्या बॅटरीचाही विचार करता येईल आणि पंधरा-वीस हजार वाचतील. तसं झालं तर सांगा, मग कुठलं मॉडेल ते परत बघू.